स्तोत्र 88 वगळू नका

पुण्यातल्या सेमिनरीत पदव्या वाटून झाल्या, टाळ्या थांबल्या आणि प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. निवृत्त पाळक; नगर आणि मराठवाड्याकडच्या मंडळ्यांत सगळी हयात गेलेली. बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी मिळवलेल्या मुलामुलींचं त्यांनी अभिनंदन केलं, प्राचार्यांचे आभार मानले आणि तिसऱ्या वाक्यालाच प्रश्न टाकला, ‘‘स्तोत्र 88 वर उपदेश ऐकलाय कुणी?’’

एकही हात वर आला नाही.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि विलापाची काही थोडकी नाहीत. पण विलाप करणारा बहुतेक वेळा शेवटच्या दोन-चार ओळींत सावरतो, देवाची स्तुती करतो. हेमान एज्राहीच्या नावावर असलेलं 88वं स्तोत्र मात्र सावरत नाही. ते हाका मारत राहतं, उत्तर येत नाही आणि अंधाराशीच ते संपतं. ‘‘पवित्र शास्त्रात ज्याला जागा मिळाली, त्याला आपल्या उपासनेत का मिळत नाही?’’ पाहुण्यांनी विचारलं. पुढचं सगळं भाषण या एका प्रश्नाभोवती फिरलं, जरी मधूनमधून ते फार लांब भटकून आलं.

पहिली भटकंती वार्षिक अहवालाची. दर वर्षअखेरीला वरून छापील तक्ता यायचा. बाप्तिस्मे किती, लग्नं किती, अंत्यविधी किती, वर्गणी किती जमली, बाकी किती. पाळक स्वतः प्रार्थना करू शकतो आहे का, याला रकाना नव्हता. मंडळीच्या जमिनीच्या वादांमुळे धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत तारखांना बसून गेलेल्या दिवसांनाही नव्हता. फायलींची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसायचं, दुपारी पुढची तारीख घ्यायची, संध्याकाळच्या एसटीनं परतायचं आणि रात्री कुणाच्या तरी घरी कौटुंबिक प्रार्थनेला उभं राहायचं. त्या प्रार्थनेत शब्द यायचे, बाकी काही यायचं नाही, असं पाहुणे म्हणाले तेव्हा मागच्या रांगेतले दोघे-तिघे वयस्क पाळक मान हलवताना दिसले.

नगरचा विषय निघाला की रेव्हरंड टिळक येणारच. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभा केला. पाहुण्यांना त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते: टिळकांनी पगाराची नोकरी सोडली. ज्याचं घर आणि पगार श्रद्धेवर अवलंबून असतो, त्याला ‘माझ्या आत सध्या कोरडं पडलंय’ असं म्हणायची सोय उरत नाही. दर रविवारी त्यानं भरलेलंच दिसायचं असतं. पाळकीय सेवेची ही सर्वांत जुनी अडचण आहे आणि तिच्याबद्दल सेमिनरीत एक तासही शिकवला जात नाही, ही त्यांची तक्रार त्यांनी व्यासपीठावरच्या प्राध्यापकांकडे वळून सांगितली.

मग एका शिक्षिकेची आठवण निघाली. गावातल्या शाळेत शिकवायच्या, रविवारी पेटी वाजवायच्या. पाहुणे तेव्हा तिथे सहायक पाळक होते. एका उपासनेनंतर बाई पेटीचा भाता बंद करता करता मुख्य पाळकांना म्हणाल्या, ‘‘पाळकसाहेब, गाणी वाजवते, पण देव कुठे आहे ते कळत नाही. पूर्वी कळायचं.’’ साहेबांनी तिथल्या तिथे विचारलं, ‘‘कुठलं पाप लपवलंय का बाई?’’ मग उपास सांगितला, साक्षीच्या सभेत उभं राहायला सांगितलं. बाईंनी उपास केला. साक्ष द्यायला मात्र त्या उभ्या राहिल्या नाहीत. पुढे पेटीही सुटली आणि मंडळीही. त्यांच्या बोलण्यात देवाची ओढ होती, ती कुणाच्याच कानावर पडली नाही, हे सांगताना पाहुण्यांचा आवाज चढला.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण त्यांनी पाठोपाठ दिलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनीच लिहून ठेवलंय की, ख्रिस्ती धर्म त्यांना मिळाला होता, पण धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता; बाप्तिस्म्यानंतरची कितीतरी वर्षं त्या ती भूक घेऊन जगल्या. शारदा सदन त्यांनी 1889 मध्ये काढलं, ते याच भुकेच्या काळात. आतून रिकामी असलेली बाई बाहेर विधवांना छप्पर देत होती.

सर्वांत जास्त वेळ पाहुण्यांनी मदर तेरेसांना दिला, आणि तो योग्यच होता. 1946 साली दार्जिलिंगच्या गाडीत ज्यांना गरिबांसाठी हाक ऐकू आली, त्यांना काम सुरू झाल्यावर मात्र देव जाणवेनासा झाला. 1958 मध्ये काही आठवडे उजेड आला नि गेला. बाकी जवळजवळ सगळं आयुष्य, 1979चं नोबेल धरून, त्या अंधारात गेलं. याविषयीची पत्रं नष्ट व्हावीत अशी त्यांची इच्छा होती. पण ती पत्रं जपली गेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये, पुस्तकरूपानं बाहेर आली. तेव्हा पुष्कळांना धक्का बसला.

या कहाणीचा एक धागा पुण्यात येतो. फादर जोसेफ नॉयनर हे ऑस्ट्रियन येशूसंघीय, पुण्यात धर्मशास्त्र शिकवणारे. 1961 मध्ये त्यांनी कोलकात्यात सिस्टरांसाठी आध्यात्मिक साधना घेतली, तेव्हा मदरनी मन मोकळं केलं. नॉयनर यांनी पापाची झडती घेतली नाही. यावर माणसाच्या हातात उपाय नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. देव जाणवणं हाच त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नव्हे; ही जी तळमळ आहे तीच त्याची खूण आहे, असं ते म्हणाले. आणि हा अंधार मदरच्या कामाचाच आध्यात्मिक भाग आहे, तो स्वीकारावा. अंधार त्यानंतरही राहिला, पण मदर त्याच्याशी भांडेनाशा झाल्या. ‘‘पुण्यातला एक प्राध्यापक नीट ऐकू शकला, म्हणून हे घडलं. तुम्हीही इथेच शिकलात,’’ पाहुणे मुलांना म्हणाले.

एक सावधगिरी त्यांनी घाईघाईत, पण स्पष्ट सांगितली. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या योहान ऑफ द क्रॉस यांनी आत्म्याची अंधारी रात्र ओळखायच्या खुणा दिल्या आहेत: देवाच्या गोष्टीत गोडी नाही आणि जगाच्याही नाही, पूर्वीसारखं मनन जमत नाही, तरीही आपण देवाची सेवा करत नाही याची टोचणी सुटत नाही. विषण्णतेच्या आजारानंही असंच वाटू शकतं, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. झोप उडाली, जेवण तुटलं, मरणाचे विचार येऊ लागले, तर त्या माणसाला आधी डॉक्टरकडे न्या, स्वतः सोबत जा, असं पाहुण्यांनी बजावलं. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, हे व्यासपीठावरून बोलणाऱ्यांवर त्यांचा राग लपत नव्हता.

वेळ संपल्याची चिठ्ठी पुढे सरकवली गेली, ती त्यांनी वाचली आणि खिशात ठेवली. नेमणूक झाल्यावर पहिल्या वर्षातच एका रविवारी स्तोत्र 88 पूर्ण वाचा, त्याला दुसरं आनंदाचं स्तोत्र जोडू नका, असं त्यांनी मुलांना सांगितलं. उपासना संपल्यावर लगेच जीपमध्ये बसून निघूनही जाऊ नका. दाराशी थांबा. त्या दिवशी कुणीतरी तुमच्याशी बोलायला येईल. त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐका आणि त्याला कुठलंही पाप विचारू नका.