इटालियन क्रियापदाची मराठी वाट



इटालियन शिकायला आलेले विद्यार्थी पहिले दोन महिने आनंदात असतात. तिसऱ्या महिन्यात क्रियापदाचा तक्ता समोर येतो आणि चेहरे पडतात. पार्लारे म्हणजे बोलणे. सरळ विधानाचे 8 काळ, कोन्जुन्तीवोचे 4, कोंदित्सियोनालेचे 2. प्रत्येक काळात एकवचनाची तीन आणि अनेकवचनाची तीन अशी सहा रूपं. चौदा गुणिले सहा, म्हणजे 84. आज्ञार्थ यात धरलेलाच नाही. माझा एक विद्यार्थी तक्त्याकडे बघून म्हणाला होता, "बाई, हा तर चौऱ्यांशीचा फेरा!"

फेरा खरा, पण त्यातून बाहेर पडायची वाट आपल्या घरातूनच जाते, आणि तेच सांगायला मी आज आले आहे. आपण मराठी माणसं इटालियनकडे इंग्रजीच्या दारातून जातो. पुस्तक इंग्रजी, तक्त्याखालचे अर्थ इंग्रजी, समजावणंही इंग्रजीत. जी छटा इंग्रजी क्रियापदात नाही, ती आपल्याला अवघड वाटू लागते. प्रत्यक्षात ती आपण रोज सकाळी दूधवाल्याशी बोलतानाही वापरत असतो.

इटलीत पेरूजाला शिकत असताना मी पहिल्याच आठवड्यात कॉफीच्या काउंटरवर गेले आणि म्हणाले, "वोल्यो उन काफ्फे." मला कॉफी पाहिजे. वाक्य व्याकरणात चोख होतं. काउंटरमागच्या बाईंनी कॉफी दिली, पण चेहऱ्यावरचं हसू तेवढं आवरतं घेतलं. माझ्यामागचे आजोबा पुढे झाले आणि म्हणाले, "वोलेवो उन काफ्फे." वोलेवो हा इम्पेर्फेत्तो, म्हणजे अपूर्ण भूतकाळ. मी वहीत लिहून घेतलं, "भूतकाळ का? कॉफी तर आत्ता हवी आहे." रात्री खोलीवर वही उघडली आणि एकदम उलगडलं. आपण दुकानात काय म्हणतो? "जरा एक वही हवी होती." बँकेत काय म्हणतो? "एक विचारायचं होतं." विचारायचं आत्ताच असतं, पण मागणी एक पाऊल मागे घेऊन समोर ठेवली की तिची धार जाते. आजोबांचं 'वोलेवो' आणि आपलं 'हवी होती' यांत तसूभर फरक नाही. इतकी वर्षं जे तोंडात होतं, ते ओळखायला मला एक रात्र लागली, कारण मी ते इंग्रजीत शोधत होते.

या इम्पेर्फेत्तोवर माझं विशेष प्रेम आहे. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. तो नुसता चालू असतो. 'पार्लावा' म्हणजे तो बोलत होता, आणि तो बोलायचा हेसुद्धा. आपल्या जुन्या गोष्टींत 'राजा रोज नदीवर जाई, स्नान करी, मग दरबारात बसे' असं येतं. ते जाई-करी-बसे म्हणजे मोरो केशव दामल्यांच्या व्याकरणातलं ई-आख्यात, आणि रीतिभूतकाळाच्या या अर्थी हुबेहूब इम्पेर्फेत्तो. इटालियन मुलं भातुकलीसारखे खेळ खेळताना भूमिका वाटून घेतात तीही याच काळात: "मी डॉक्टर होतो, तू पेशंट होतीस." खेळ अजून सुरू व्हायचाय! आपल्याकडे 'मी डॉक्टर, तू पेशंट' एवढ्यावर भागतं.

आता अर्थांकडे वळू. मराठी व्याकरणाने क्रियापदाचे चार अर्थ मानले: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. शाळेत हे पाठ केलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं. पण इटालियनची किल्ली इथेच आहे. तीन वाक्यं घ्या. तो घरी आहे. तो घरी असेल. तो घरी असावा. पहिल्यात खात्री, दुसऱ्यात अंदाज, तिसऱ्यात काही खुणांवरून बांधलेला कयास. इटालियनमध्ये पहिलं 'ए आ काझा'. दुसरं 'सारा आ काझा', आणि हा चक्क भविष्यकाळ आहे, जसा आपला 'असेल' आहे. किती वाजले असं विचारलं आणि घड्याळ नसलं, तर इटालियन माणूस म्हणतो, "सारान्नो ले ओत्तो." आठ वाजले असतील. भविष्यकाळाचं रूप आणि आत्ताचा अंदाज, दोन्ही भाषांत सारखंच.

तिसरं म्हणजे कोन्जुन्तीवो, ज्याचं नाव काढलं की विद्यार्थी घाबरतात. 'पेन्सो के सीआ आ काझा': मला वाटतं, तो घरी असावा. 'वोल्यो के तू वेंगा': तू यावंस अशी माझी इच्छा आहे. असावा, यावंस! आपलं वाख्यात, म्हणजे ही 'वा'ची रूपं, आणि त्यांचं कोन्जुन्तीवो कितीतरी ठिकाणी एकाच आसनावर बसतं. पाहुण्याला आदराने बोलावताना इटालियन माणूस 'वेंगा' म्हणतो, आज्ञार्थाच्या जागी हेच रूप. आपणही 'ये' म्हणत नाही, 'आपण यावं' म्हणतो. हुकूम मोडून त्याची इच्छा करायची, ही सभ्यतेची रीत दोन्हीकडची. एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. आपलं 'असावा' एकटं उभं राहतं, त्यांच्या 'सीआ'ला बहुधा आधी 'मला वाटतं'सारखा आधार लागतो.

या कोन्जुन्तीवोची इटलीत फार काळजी केली जाते. ते मरत चाललं आहे, असं दर काही वर्षांनी कुणीतरी म्हणतं. 1975च्या 'फान्तोत्सी' या चित्रपटात टेनिसच्या मैदानावर दोन कारकून या रूपाची जी दैना करतात, ती आजही घराघरांत आठवली जाते; 2018 साली सानरेमोच्या संगीतमहोत्सवात तर कोन्जुन्तीवोवर रचलेलं गाणंच सादर झालं. क्रियापदाच्या एका रूपासाठी सबंध देशाचा जीव असा तुटावा, हे मला मनापासून आवडतं. आपल्याकडेही 'मी करावं' की 'मी करायला पाहिजे' यावर कुणी एवढ्या पोटतिडकीने बोललं तर मला हवंच आहे.

संकेतार्थात मात्र मराठी आपल्याला खड्ड्यात घालते, हे सांगायला हवं. 'मला कळलं असतं, तर मी आले असते.' दोन्हीकडे असतं, असते. इटालियनमध्ये जर-च्या बाजूला कोन्जुन्तीवो आणि तर-च्या बाजूला कोंदित्सियोनाले: 'से लावेस्सी सापूतो, सारेइ वेनूता.' मराठी विद्यार्थी तराजूची दोन्ही पारडी सारखी करायला जातो आणि 'से आव्रेइ' म्हणतो. इटलीतल्या शाळेत याच चुकीसाठी मुलांना बोलणी बसतात. घरगुती बोलण्यात इटालियन लोक दोन्हीकडे इम्पेर्फेत्तो ठेवून मोकळे होतात, 'से लो सापेवो, वेनीवो'. म्हणजे पारडी सारखी करण्याची ओढ त्यांनाही आहेच. आणखी एक गंमत कोंदित्सियोनालेची. वर्तमानपत्रात मंत्र्यांनी राजीनामा 'दिला असता' अशा अर्थाचं रूप दिसलं, तर त्याचा अर्थ 'मंत्र्यांनी म्हणे राजीनामा दिला'. बातमी ऐकीव आहे, हमी आमची नाही. आपण त्यासाठी 'म्हणे' हा एवढासा शब्द ठेवला, त्यांनी क्रियापदच वळवलं.

ही जवळीक सगळीच योगायोगाची नाही. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी 1583 साली कोचीनला उतरला आणि 1588 साली गोव्यात वारला. मिरी खरेदी करता करता त्याने संस्कृतची चौकशी केली आणि घरी पत्रात कळवलं की त्यांचे आणि आपले कितीतरी शब्द सारखे आहेत: देव आणि दीओ, सर्प आणि सेर्पे, सप्त आणि सेत्ते, नव आणि नोवे. शब्दांच्या पलीकडे तो गेला नाही. पुढची पायरी फ्रान्झ बॉपने 1816 साली चढली, आणि कशाच्या आधाराने? क्रियापद चालवण्याच्या पद्धतीवरून. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांची क्रियापदं शेजारी ठेवून त्याने पुस्तक लिहिलं आणि तौलनिक भाषाशास्त्र उभं राहिलं. आपण ज्या तक्त्याला घाबरतो, त्यातून एक शास्त्र जन्मलं. 'भवामः'मधला म आजही 'पार्लियामो'त ऐकू येतो आणि 'भवथ'मधला थ 'पार्लाते'त.

सर्वांत जवळचा धागा भूतकाळवाचक धातुसाधिताचा. मृत आणि मोर्तो. दत्त आणि दातो. 'मया पत्रं लिखितम्' यातून आपलं 'मी पत्र लिहिलं' आलं. लॅटिनमध्ये 'लिहिलेलं पत्र माझ्यापाशी आहे' अशी रचना होती, तिचं इटालियनमध्ये 'ओ स्क्रित्तो' झालं. म्हणून आजही चिठ्ठीबद्दल बोलताना 'ती मी लिहिली' हे वाक्य 'लो स्क्रित्ता' असं होतं: चिठ्ठी स्त्रीलिंगी, तर क्रियापदही स्त्रीलिंगी. मी लेख लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, हे ज्याच्या रक्तात आहे, त्याला हा नियम शिकवावा लागू नये. तसंच जाण्याचं. बाई 'सोनो आन्दाता' म्हणते, पुरुष 'सोनो आन्दातो'. मी गेले, मी गेलो. इंग्रजीतून शिकणारी मुलगी वर्षभर 'आन्दातो' म्हणत राहते. तिला एकदा 'तू मराठीत मी गेलो म्हणतेस का?' असं विचारलं की चूक कायमची सुटते. मी हे करून पाहिलं आहे.

आता उरला पास्सातो रेमोतो, दूरचा भूतकाळ. त्याची रूपं खरोखर हट्टी आहेत. स्क्रीवेरे म्हणजे लिहिणे. त्याचं चालतं असं: स्क्रिस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रिस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रिस्सेरो. जरा मोठ्याने म्हणून बघा. मी, तो आणि ते या तिघांत धातू बदलतो, कारण तिथे आघात धातूवर पडतो. उरलेल्या तिघांत आघात प्रत्ययावर सरकतो आणि धातू शाबूत राहतो. या प्रकारच्या शेकडो क्रियापदांना हीच चाल आहे. ती कानात बसली की तक्ता नको.

हा काळ वापरायचा कधी? उत्तर इटलीत तो बोलण्यातून जवळपास गेलाच, गोष्टींत आणि इतिहासात उरला. सिसिलीत आज सकाळची घटनाही त्यात सांगतील. मधल्या इटलीत दोन्ही भूतकाळ जिवंत आहेत. पुस्तक सांगतं, जवळच्या घटनेला प्रोस्सिमो, म्हणजे 'ओ स्क्रित्तो'चा काळ, लांबच्या घटनेला रेमोतो. पेरूजात मी ज्यांच्याकडे राहत होते त्या बाईंनी एका संध्याकाळी फोटोंचा डबा काढला. आजोबांच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "मोरी." वारले. दूरचा भूतकाळ. मग नवऱ्याचा फोटो आला. "ए मोर्तो." जवळचा. फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेलं साल 22 वर्षांपूर्वीचं होतं. मी नव्याने नियम शिकलेली, विचारलं, "इथे रेमोतो नको का?" त्यांनी मान हलवली. "नो," म्हणाल्या, "ए मोर्तो." आणि फोटो डब्यात परत न ठेवता ओट्याजवळच्या फळीवर उभा करून ठेवला.