रविवारची गाडी: आधी शॉक, मग स्प्रिंग



आज ज्या गाडीला धरून बोलणार आहे, ती माझदा एमएक्स-५ भारतात कधी अधिकृतपणे विकली गेली नाही. तरी आपल्यापैकी काहींच्या घरी तिचे फोटो असतील. मुलगा डेट्रॉइटकडे, मुलगी इंग्लंडात. नोकरीत स्थिरावले की ही जुनी, दोन आसनी, उघड्या टपाची गाडी घ्यायची, सुटीच्या दिवशी वळणावळणाच्या रस्त्यावर न्यायची, आणि वर्षाच्या आत फोनवर विचारायचे, ‘कडक स्प्रिंगा टाकू का? गाडी जरा खाली बसवू का?’

माझे उत्तर सुरुवातीलाच सांगतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीत पैसा आधी चांगल्या शॉक अब्सॉर्बरवर घालावा. स्प्रिंग किती कडक हवी, ते चाकाला वर जायला किती जागा उरते त्यावरून ठरवावे. आणि गाडी खाली बसवण्याचा मोह शक्यतो आवरावा.

ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. तोशिहिको हिराई हे तिचे मुख्य अभियंता. साठच्या दशकातली लोटस एलान तिच्या घडणीमागे उभी आहे. एमएक्स-५ चे वजन हजार किलोच्या आतबाहेर, तेही पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास निम्मेनिम्मे, आणि चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरणाऱ्या वरखाली दोन भुजा. एलान वळणावर रस्ता कशी धरून ठेवते याचे कौतुक आजही होते. पण तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी स्प्रिंग मऊ ठेवली आणि आवरण्याचे काम शॉककडे सोपवले. हे ज्याला पटले त्याची निम्मी खरेदी योग्य झाली असे मी समजतो.

स्प्रिंग वजन पेलते, शॉक हालचाल आवरतो. स्प्रिंगवर उभी गाडी एका ठरावीक गतीने वरखाली होऊ पाहते. घरगुती गाडीत ही गती सेकंदाला एक ते दीड वेळा, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये दीड ते दोन, शर्यतीच्या गाडीत त्याहून जास्त. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबते ते चाकापाशी मोजले तर एका आवर्तनाला सुमारे २५ सेंटिमीटर, दीडला ११ आणि दोनला फक्त सहा सेंटिमीटर. म्हणून दुकानदार ‘इतके टक्के कडक’ म्हणाला की त्यावर थांबू नये. आपल्या गाडीत ती सेकंदाला किती आवर्तने देते, हे विचारावे. विशबोनमुळे स्प्रिंगची हालचाल चाकाच्या हालचालीपेक्षा कमी असते आणि त्या गुणोत्तराचा वर्ग हिशेबात येतो. दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लागू पडत नाही तो यामुळेच.

आता गाडी खाली बसवण्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. समजा, चाकाला वर जायला ७५ मिलिमीटर जागा आहे. गाडी २५ मिलिमीटर खाली घेतली की उरली ५०. खड्ड्याचा तोच धक्का या उरलेल्या जागेत जिरवायचा तर स्प्रिंग सव्वादोनपट कडक लागते, कारण साठवलेली ऊर्जा दाबाच्या लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणजे दिसायला दोन बोटे खाली आलेली गाडी चालवायला पार वेगळी होते. तितकी कडक स्प्रिंग घातली नाही तर चाक बंप स्टॉपवर आदळते. बंप स्टॉप म्हणजे शॉकच्या दांड्यावरचा रबराचा किंवा फोमचा ठोकळा. सरळ रस्त्यावर तो आदळला तर कंबर हलते, एवढेच. वळणात आदळला तर त्या टोकाचा कडकपणा एका क्षणात कित्येक पटींनी वाढतो: पुढे आदळला तर गाडी वळायचे नाकारते, मागे आदळला तर शेपूट सुटते. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये चाकाला वर जायची जागा मुळातच आखूड आहे.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. चाक काढा, शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक केबल टाय हलक्या हाताने आवळा आणि खाली शॉकच्या नळीपर्यंत सरकवा. चाक बसवा, नेहमीच्या रस्त्यावर फिरून या, पुन्हा चाक काढा. टाय जिथे थांबली तिथपर्यंत नळी वर आली होती. ती बंप स्टॉपला चिकटून बसली असेल, तर शिल्लक काही उरलेली नाही. नवीन काहीही विकत घेण्यापूर्वी हे करावे. याला दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत.

शॉकचा हिशेब वेगळा. स्प्रिंग ४४ टक्क्यांनी कडक केली, तर तीच शिस्त राखायला शॉकचा आवर साधारण २० टक्क्यांनी वाढावा लागतो. कडक स्प्रिंगखाली जुने शॉक ठेवले की गाडी खड्ड्यावरून उसळते आणि उसळतच राहते. स्प्रिंग दबताना घेतलेली ऊर्जा सुटताना परत देते, ती मुख्यतः शॉकची उसळीकडची बाजू आवरते. कोनीचे पिवळे शॉक नेमके याच बाजूने जुळवता येतात. मात्र उसळी फार घट्ट केली तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायला वेळच मिळत नाही आणि गाडी हळूहळू खाली खचत जाते. बिल्स्टीनच्या एकनळी शॉकमध्ये दाबाखालचा गॅस असल्याने तेलाला सहजी फेस येत नाही. एमएक्स-५ च्या १९९४ च्या ‘आर पॅकेज’ या स्पोर्टी आवृत्तीत माझदाने स्वतःच बिल्स्टीन दिले होते. दोन्ही उत्तम आहेत. दोन्हींखाली आधी मूळच्या स्प्रिंगा ठेवून गाडी चालवावी, असा माझा आग्रह आहे.

पुढची आणि मागची स्प्रिंग एकमेकींना जुळायला हवी, हे १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी दाखवले. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ च्या दोन आसांमधले अंतर २२६५ मिलिमीटर. ताशी ६० किलोमीटरला मागचे चाक त्याच उंचवट्यावर पुढच्यानंतर सुमारे ०.१४ सेकंदांनी पोहोचते. मागच्या टोकाची गती थोडी जलद ठेवली तर ते पुढच्याला गाठते आणि गाडी डोलायची थांबून सपाट वरखाली होते. शर्यतीच्या स्प्रिंगांच्या कित्येक जोड्या याच्या उलट बेतलेल्या असतात. गुळगुळीत ट्रॅकवर ते चालते, आपल्या ताम्हिणी किंवा वरंध घाटासारख्या रस्त्यावर नाही. वळणात गाडी कलते ही तक्रार असेल तर आधी जरा जाड अँटी-रोल बार बघावा.

गाडी खाली बसवायला स्प्रिंगचा वेढा कापणे आपल्याकडच्या गॅरेजांतही चालते. ते करू नये. टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळले की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

शेवटी बसवण्याविषयी. विशबोनच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. चाके जमिनीवर, गाडी आपल्या वजनावर, मगच शेवटचा आवळ. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. मेस्त्रीपाशी उभे राहून हे करून घ्या.

तेव्हा परदेशातल्या मुलांचा फोन आला की त्यांना एवढे सांगा: आधी झिजलेले बुश आणि बंप स्टॉप बदल, मग चांगले शॉक घाल, आणि मूळच्या स्प्रिंगांवर गाडी एक पूर्ण उन्हाळा चालव. त्यानंतरही कडक स्प्रिंग हवीशी वाटली, तर जो विक्रेता शॉकचा चाचणीचा आलेख आणि स्प्रिंगचा आकडा दोन्ही हातात देईल, त्याच्याकडूनच घे.