संगणकाच्या स्मृतीची दुखणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्यापैकी कित्येकींची मुलेमुली आता सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवितात. चार पैसे वाचतात, मुलांचा हातही बसतो. पण यंत्र मध्येच बंद पडू लागले, पडदा निळा होऊ लागला, की कोणीतरी सांगतो, "मदरबोर्ड गेला, नवा घ्या." तो खर्च करण्यापूर्वी घरी काय तपासावे, एवढेच मी सांगणार आहे. पुष्कळदा दुखणे असते ते रॅमचे, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीचे.

पहिला प्रश्न पिढीचा. पूर्णेकरांना तो लवकर उमजेल. 2008 साली अकोल्याकडचा मार्ग रुंद होईपर्यंत आपल्या जंक्शनात मीटरगेजची गाडी येत होती. एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर चालत नसे. माणसांनाच बोचकी घेऊन गाडी बदलावी लागे. डीडीआर-4 आणि डीडीआर-5 या पट्ट्यांचे तसेच आहे. दोन्हींना 288 टोके, दिसायला सख्ख्या बहिणी. पण खाच वेगळ्या जागी. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये, मदरबोर्डाच्या पुस्तिकेत पिढी पाहावी.

दुसरा प्रश्न वेगाचा. खोक्यावर 3600 लिहिलेले असते आणि पडद्यावर 2133 दिसते. यात फसवणूक नाही. संगणक प्रथम सुरक्षित वेगाने चालतो. वरचा वेग बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो या नावाने चालू करावा लागतो. काही तपासण्या निम्माच आकडा दाखवितात, 3200 चे 1600. तेही बरोबरच, कारण ही स्मृती एका ठोक्यात दोनदा माहिती देते. आणि वेगवेगळ्या दोन पट्ट्या लावल्या, तर एका जुवाला जुंपलेल्या बैलांप्रमाणे दोघींना मंद असेल तिच्याच चालीने चालावे लागते. कधी त्या चालतच नाहीत. म्हणून एका खोक्यातली जोडी घ्यावी, आणि मदरबोर्ड करणाऱ्याने तपासलेल्या रॅमची यादी आधी पाहावी.

आता तपासणीचा क्रम. वीज बंद करून वायर काढावी. पेटीच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. नायलॉनची साडी आणि लोकरीचा स्वेटर त्या दिवशी नको. पट्ट्या काढून, 'खट्' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवाव्या. तरीही यंत्र सुरू होत नसेल, तर बायॉसची गोल बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी, म्हणजे जुन्या नोंदी पुसल्या जातात. मग एकच पट्टी, पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत लावून पाहावी, नंतर दुसरी. डीडीआर-5 असेल तर पहिल्यांदा काही मिनिटे पडदा काळाच राहतो. घाबरून वीज तोडू नये. यंत्र सुरू झाल्यावर वरचा वेग बंद करावा. दुखणे थांबले, तर पट्टी बहुधा चांगली आहे, वेग झेपत नाही एवढेच. एक पायरी खाली उतरावे. शेवटी मेमटेस्ट-86 ही मोफत मिळणारी तपासणी पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावी. सुरक्षित वेगातही एक जरी चूक निघाली, तरी ती पट्टी बदलून घ्यावी.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. यंत्र बंद पडले तर निदान कळते तरी. स्मृतीत आकडा गुपचूप बदलला, तर कळतही नाही. 2003 साली बेल्जियममध्ये स्कारबेक येथील निवडणुकीत एका उमेदवाराला 4096 मते जास्त मोजली गेली. मिळणे शक्यच नव्हते इतकी ती झाली, म्हणून चूक ध्यानात आली. संगणकाच्या स्मृतीतले एक शून्य आपोआप एक झाले असावे, असे अनुमान निघाले. कारण तेराव्या घरातल्या एकाची किंमत बरोबर 4096 होते.

आपल्या बचत गटाचे हिशेब आता संगणकावर आहेत. तिथे मजुरी करून आणलेला पैसा नोंदलेला असतो. म्हणून यंत्र नवे असो की जुने, पट्टी बदलली की आधी तपासणी करावी, मगच हिशेब उघडावा. आणि वहीतली प्रत ठेवावीच.

भगिनींनो, शिवणयंत्राची दोरी तुटली तर आपण आधी सुई पाहतो, मग बॉबिन पाहतो, आणि मगच दुरुस्तीवाल्याकडे जातो. तोच क्रम इथेही लावायचा आहे.