दहा पानांचा अर्क



आम्ही शाळामास्तर, शास्त्रज्ञ नव्हे. तथापि 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, त्याच हंगामात आमच्या पुतण्यासही शेतात घेरी आली. तीन रात्री अकोल्यास दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून काढल्या, तेव्हापासून आम्हांस या विषयाचा नाद लागला.

दशपर्णी अर्काचे नाव आपण ऐकलेच असेल. आपल्या अमरावती जिल्ह्यातील श्री. सुभाष पाळेकर (2016 सालचे पद्मश्री) यांनी नैसर्गिक शेतीच्या प्रचारात पुरस्कारिलेल्या अर्कांपैकी हा एक होय. कडुनिंबाचा पाला 5 किलो. निरगुडी, करंज, सीताफळ, पपई, एरंड, रुई, कण्हेर, घाणेरी व गुळवेल यांचा प्रत्येकी सुमारे 2 किलो. जोडीस मिरचीचा ठेचा, लसूण, शेण आणि गोमूत्र. हे 200 लिटर पाण्यात महिनाभर सावलीत आंबवावे, रोज ढवळावे, मग गाळावे. पिंपाजवळून पाहुणे नाक धरून जातात, त्यास इलाज नाही.

झाडाला शत्रूपासून पळता येत नाही. म्हणून ते पानातच कडू सत्त्वे साठविते. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन हे सत्त्व 1968 साली वेगळे काढण्यात आले. पानापेक्षा निंबोळीच्या गरात ते अधिक. म्हणूनच 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून 100 लिटर अर्क करण्याची रीत आहे. हे सत्त्व किडीस तत्काळ मारीत नाही. तिचे खाणे मंदावते, कात टाकणे बिघडते. दुसऱ्या दिवशी पुतण्या ओरडतो, “काकाजी, अळी त जितीच हाय ना!” त्यास आम्ही धीर धरावयास सांगतो. उन्हाने ते लवकर नासते, यास्तव फवारणी सायंकाळी करावी.

परंतु अर्काची भलावण करताना एक गोष्ट लपविणे पाप ठरेल. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत तो पोहोचत नाही. शिवाय झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत खोटी आहे. कण्हेरीचे विष हृदयावर आघात करते. पिंपावर ठळक अक्षरांत तसे लिहावे, मुलांपासून ते दूर ठेवावे, हातमोजे घालावेत.

पुतण्या यंदा दोन एकरांवर अर्क वापरतो. उरलेल्या तीन एकरांवर दुकानातलेच औषध चालते; मात्र तोंडास फडके बांधून आणि वाऱ्याकडे पाठ करून. मास्तरांचे एवढे तरी त्याने ऐकले.