रजा माझी, वर्ष तिचं
(स्नेहसंमेलनातील भाषण)



मला दिलेला विषय होता 'परदेशातील उच्च शिक्षणाच्या संधी'. मघाशी तो माइकवरून सांगितला, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी "संपलं, आता झोपा" असं म्हणालं. आवाज ओळखला मी, तीस वर्षांत बदललेला नाही. म्हणून विषय जरा बदलते. संधींबद्दल बोलायला इथे माझ्यापेक्षा जास्त फिरलेले लोक बसलेत. मी माझ्या घरात गेले आठ महिने काय चाललंय ते सांगते.

२००२ साली इंजिनिअरिंगची पदवी घेतली, तेव्हापासून मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. चोवीस वर्षांतली निम्मी विरार लोकलमध्ये उभ्याने गेली, असं आमच्या घरात म्हणतात. पुढे शिकायचं तेव्हाच मनात होतं. ते राहून गेलं, का ते तुम्हाला सांगायला नको. आता कंपनीने एक वर्षाची बिनपगारी अभ्यासरजा मंजूर केली आहे. येत्या ऑगस्टमध्ये मी बॉस्टनजवळ एका वर्षाच्या मास्टर्सला जाते आहे. बरोबर माझी मुलगी असेल. ती आपल्याच शाळेत सातवीत आहे. नवरा आणि सासूबाई वसईतच राहणार.

"इंग्लंडला का नाही? तिथे तर सगळेच कोर्स एक वर्षाचे," असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मीही आधी तिकडेच पाहिलं होतं. पण जानेवारी २०२४ पासून तिथे नियम बदलला. संशोधनाच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांनाच मुलाबाळांना बरोबर नेता येतं, साध्या मास्टर्सवाल्यांना नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये चिमुकल्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला शिकायला गेल्या होत्या. आज त्या एका वर्षाच्या मास्टर्सला निघाल्या असत्या, तर मनोरमेला इथेच ठेवावं लागलं असतं. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या मुलांना एफ-२ व्हिसा मिळतो आणि तिथल्या सरकारी शाळेत जाता येतं. म्हणून अमेरिका.

मग मी आपल्या धंद्याच्या सवयीप्रमाणे एक्सेलची शीट उघडली. एकसष्ट ओळी. पासपोर्ट, आय-२०, बँकेचे दाखले, वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र, विमा, भाड्याचं घर. घर सगळ्यात महत्त्वाचं, कारण पत्त्याचा पुरावा असल्याशिवाय तिथल्या शाळेत नाव घालता येत नाही. पारनाक्याच्या झेरॉक्सवाल्याने मला आता खातं उघडून दिलंय.

एका ओळीने मात्र रडवलं. लसीकरण. जुलै २०१८ चा पाऊस आठवतो ना? लोकल बंद, वीज नाही, आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी. कपाटाच्या खालच्या खणात मुलीचं लसींचं कार्ड होतं, त्याचा लगदा झाला. तेव्हा पाच वर्षांची होती ती. लसी झाल्या आहेत, आता कार्ड कशाला लागणार, असं म्हणून मी तो लगदा फेकून दिला. आता मॅसॅच्युसेट्सची शाळा विचारते: गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस कधी? कांजिण्यांचे दोन कधी? हिपॅटायटिस बी चे तीन? शिवाय सातवीपासून पुढच्या मुलांना मेनिंजायटिसची लस आणि धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा वेगळा डोस. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला आहे, गालगुंड आणि कांजिण्या नाहीत. त्या आम्ही बाहेर पैसे भरून घेतल्या होत्या, म्हणजे त्यांची नोंद फक्त त्या डॉक्टरांकडे. त्या बिचाऱ्यांनी दोन रविवार माळ्यावरची रजिस्टरं खाली काढून तपासली. एक सोडून सगळ्या नोंदी मिळाल्या. तो एक डोस आता पुन्हा घेतला. तुमच्यापैकी ज्यांची मुलं लहान आहेत, त्यांनी आज घरी जाऊन त्या कार्डाचा फोटो काढून ठेवा. बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

दुसरा प्रश्न, कोणत्या वर्षी जायचं? माझ्या रजेचं वर्ष पुढेमागे होऊ शकत होतं, मुलीचं नाही. नववी-दहावी सलग इथेच व्हायला हवी, कारण मधूनच परदेशातून येऊन दहावीला बसणं म्हणजे मंडळाच्या कचेरीत खेटे. "१७ नंबरचा फॉर्म भर की," असं एका मावशींनी सुचवलं, पण धडधाकट शाळेत जाणाऱ्या मुलीला बाहेरून परीक्षेला बसवायचं मला पटेना. दहावीनंतर जावं तर अकरावी-बारावी तुटते. आणि उद्या तिला डॉक्टर व्हावंसं वाटलं, तर राज्याच्या कोट्यासाठी, काही अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. उरली आठवी. इथे जून-जुलै बसायचं, ऑगस्टमध्ये निघायचं, पुढच्या जूनअखेर तिथली शाळा सुटली की परत येऊन नववीत बसायचं. दोन-तीन आठवडे उशीर होईल, एवढंच. शीटमधली ती ओळ मी हिरवी केली आणि स्वतःवरच खूश झाले.

एका रात्री लेकीने ती शीट पाहिली. लपवलेली नव्हतीच, लॅपटॉप उघडाच होता. शांतपणे म्हणाली, "आई, एकसष्ट ओळींत माझं नाव तीनदाच आहे. पासपोर्ट, व्हिसा, लस." मी म्हटलं, बाकीचंही सगळं तुझ्यासाठीच आहे ना! ती म्हणाली, "नाही. शिकायला तू चाललीस. मी सामान आहे."

रागावले मी, खोटं कशाला सांगू. हिला केवढी संधी मिळतेय, आम्हाला कुणी विचारलं होतं का, वगैरे सगळं आईछाप बोलून झालं.

त्याच सुमारास मी धर्मानंद कोसंबींबद्दल वाचत होते. आपल्याला दामोदर कोसंबी माहीत असतात, गणिती आणि इतिहासकार. त्यांचे वडील धर्मानंद मूळचे गोव्याचे, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवायचे. १९१८ साली ते 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले, बरोबर थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर. मुलगा तिथल्या केंब्रिजच्या शाळेत शिकला आणि पुढे १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतला. आम्ही जाणार तेही त्याच गावात, म्हणून मला हे मोठं शुभलक्षण वाटलं. जेवताना उत्साहाने लेकीला सांगितलं. तिने विचारलं, "तो पुण्यात काय सोडून गेला होता?"

पाली ग्रंथाचं नाव मला पाठ होतं. या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हतं, कारण तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. मग मी विचारलं, तू काय सोडून जाणार आहेस? तेव्हा तिने वहीच्या मागच्या पानावरची तिची यादी दाखवली. नऊच ओळी. पहिली ओळ: खो-खो.

ती शाळेच्या संघात आहे. शालेय स्पर्धांमध्ये चौदा वर्षांखालचा गट असतो आणि तिच्या जन्मतारखेने येणारं वर्ष हे तिचं त्या गटातलं शेवटचं वर्ष. परत येईल तेव्हा ती सतरा वर्षांखालच्या गटात सगळ्यात लहान असेल, वर्षभर मैदानाबाहेर राहिलेली. मी शीटमध्ये आठवी निवडली ती बोर्डाच्या हिशेबाने. मैदानाचा हिशेब वेगळा असतो, आणि त्यात नेमकं हेच वर्ष सगळ्यात महाग होतं. बॉस्टनमध्ये तिला बास्केटबॉल मिळेल, पोहायला मिळेल. खो-खो मिळणार नाही. यावर माझ्याकडे उपाय नाही, आजही नाही.

यादीत आणखी होतं: आजीबरोबर संध्याकाळी तामतलावापर्यंत जाणं, उन्हाळ्यात आजी आणते ती सुकेळी, सेमी-इंग्लिशच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी, आणि आठवीपासून सुरू होणारं संस्कृत, जे घ्यायचं तिने पाचवीतच ठरवलं होतं.

मी तिला म्हटलं, तू बाबा आणि आजीबरोबर इथे राहू शकतेस. मी एकटी जाईन. हे मनापासून म्हटलं की नाही, ते तुम्ही विचारू नका. नवऱ्याने तिच्यासमोर हो म्हटलं, आणि ती झोपल्यावर मला विचारलं, "तुला जमेल?" पाच दिवस ती काही बोलली नाही. घरात इतकी शांतता मी पुराच्या वेळीसुद्धा ऐकली नव्हती. सहाव्या दिवशी म्हणाली, येते, पण तीन अटी. जूनपासून ऑगस्टपर्यंत सरावाची एकही संध्याकाळ खरेदी आणि निरोपाच्या जेवणांसाठी मोडायची नाही. 'ही किती खूश आहे जायला' असं कुणाला सांगायचं नाही. आणि शाळा कायमची सोडायची नाही.

पहिल्या दोन मी लगेच मान्य केल्या. दुसरी आत्ता इथे पाळते आहे. तिसरीसाठी मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. त्या समोरच बसल्या आहेत, चुकलं तर सांगतील. वर्षभर गैरहजर मुलीचं नाव पटावर ठेवता येत नाही, दाखला घ्यावाच लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. परत येताना तिथलं प्रगतिपुस्तक आणा, नववीत जागा असेल तर घेऊ. लेखी काही नाही. मी नेहमी लेखी मागणारी बाई, पण मुकाट्याने उठले. दाराशी पोहोचले तेव्हा बाईंनी विचारलं, "खो-खोत आक्रमणाला चांगली पळते ती तुझीच ना? येऊ दे." तेवढ्यावर मी तिकिटं काढली.

शीट आता बदलली आहे. एकसष्टच्या सत्तर ओळी झाल्या, वरच्या नऊ तिच्या. त्यातल्या पाच लाल आहेत आणि त्या तशाच राहतील.

एक मात्र गेल्या महिन्यात हिरवी झाली. आपल्या संस्कृतच्या बाई, ज्यांनी माझं रूपांचं पाठांतर कितीदा परत करून घेतलं ते इथे सगळ्यांना माहीत आहे, त्यांना पत्रिका द्यायला गेले होते. बोलता बोलता हे सगळं सांगितलं. निवृत्त होऊनही बाईंचा आवाज तोच. म्हणाल्या, "मला फोनवर शिकवता येतं, आठवीचं पुस्तक पाठ आहे. तिला सांग, दर शनिवारी सकाळी सात." मी हिशेब करून सांगितलं, बाई, तेव्हा तिकडे शुक्रवारची रात्र असेल, साडेनऊ. "मग जेवून बसेल," बाई म्हणाल्या. "आणि नोव्हेंबरात ते लोक घड्याळ मागे नेतात म्हणे. तेव्हा मला दोन दिवस आधी कळव, मी उगाच फोन घेऊन बसायची."