जूनमधली थंडी

बंगळुरूच्या माणसाची थंडी एका स्वेटरात भागते. पारा दहा अंशांच्या खाली गेला तर इथे त्याची बातमी होते. हिमालयात जाणारी मंडळी मात्र याच शहरातून मोठ्या संख्येने निघतात.

जून २०२४ मध्ये कर्नाटक माउंटेनियरिंग असोसिएशनतर्फे असाच एक गट उत्तरकाशीतल्या सहस्रतालला गेला होता. वाटाड्यांसह बावीस जण, बहुतेक अनुभवी. ३ जूनला चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, तलावाकडून परतताना, त्यांना हिमवादळाने गाठले. समोरचे दिसेना, तंबू दूर राहिले. उघड्यावर रात्र काढावी लागली. नऊ जण दगावले.

जूनमध्ये कसली थंडी, हा हिशेब सपाटीवरचा. हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते आणि वारा सुटला, कपडे भिजले की शरीराची ऊब झपाट्याने जाते. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. आधी हुडहुडी भरते. मग बोलणे अडखळते, जॅकेटची चेन लावता येत नाही, पाय वेडेवाकडे पडतात. पुढे हुडहुडी थांबते. सोबत्यांना वाटते, आता बरे वाटत असेल. पण धोका तेव्हाच सर्वांत जास्त असतो.

म्हणून खरी तयारी पाठीवरच्या लहान सॅकमध्ये असायला हवी. तंबूत ठेवलेली उत्तम स्लीपिंग बॅग वाटेत अडकलेल्याच्या काय कामाची? कोरडा थर्मल, लोकरीची टोपी, हातमोज्यांचा दुसरा जोड, वारा-पाऊस अडवणारे जॅकेट, टॉर्च, गूळ-शेंगदाणे आणि माणूस आत मावेल अशी जाड प्लास्टिकची पिशवी: एवढे प्रत्येकाजवळ हवेच. सुती बनियन नको. घामाने भिजले की ते अंगावर गारच राहते. मागे फिरण्याची वेळ सकाळीच ठरवावी, तीही सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीने.

तंबू गाठल्यावरही सावध राहावे लागते. छतावर साचलेला बर्फ रात्री उठून झाडावा लागतो. बंद तंबूत उबेसाठी स्टोव्ह पेटवणे तर जिवावर बेतते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सहस्रतालच्या गटातले उरलेले तेरा जण वाचले. त्या सुटकेत हवाई दल आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दल उतरले होते. पण मदत निघते ती निरोप पोहोचल्यावरच. अशा उंचीवर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही आणि परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन भारतात बाळगता येत नाही. तेव्हा मार्ग, मुक्काम आणि परतीची तारीख लिहिलेला कागद घरी आणि पायथ्याच्या गावात ठेवावा, आणि ठरल्या वेळी खबर आली नाही तर कोणी कोणाला फोन करायचा, तेही त्यावर लिहावे.