अंधाऱ्या खोलीतली हिरवाई

आमचं घर पुण्यात सदाशिव पेठेत, तळमजल्यावर. तिन्ही बाजूंना इमारती. बाहेरच्या खोलीत भर दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय पेपर वाचता येत नाही. २००८ साली माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांचा पलंग या खोलीत आला. दिवसभर ते समोरच्या भिंतीकडे बघत पडून असायचे. त्यांचा वेळ जावा म्हणून मी दोन फुटी फिशटँक आणला. वाळू, दगड, डझनभर गप्पी मासे आणि पाणवनस्पतींच्या चार जुड्या.

पंधरा दिवसांत जुड्या पिवळ्या पडून कुजल्या. मला वाटलं, उजेड कमी पडतोय. मी एका ट्यूबच्या तीन ट्यूब केल्या आणि सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत चालू ठेवल्या. झाडं सुधारली नाहीत, पण महिन्याभरात पाणी इतकं हिरवं झालं की मासे दिसेनात. काचेवर हिरवे ठिपके, दगडांवर केसांसारखे तंतू. मग मी शेवाळ मारण्याचं औषध आणलं आणि चिठ्ठी न वाचता अंमळ जास्तच ओतलं. हवेच्या पंपाच्या आवाजाने अण्णांची झोपमोड व्हायची, म्हणून रात्री तो बंद करायचो, तसा त्या रात्रीही केला.

सकाळी सगळे मासे मरून तरंगत होते. अण्णा जागेच होते. म्हणाले, "पहाटेपासून वर येऊन तोंडं उघडत होते रे. तुला हाका मारल्या, पण तुझं दार बंद होतं."

काय झालं ते मला नंतर वाचून कळलं. औषधाने शेवाळ एकाच वेळी मेलं आणि कुजू लागलं. ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. रात्री झाडंही प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात. त्यात पंप बंद. मासे गुदमरले. दोष औषधाचा म्हणण्यापेक्षा माझ्या घाईचा होता.

अण्णांचं लहानपण संगमेश्वरकडच्या भातशेतीत गेलेलं. ते म्हणाले, "वाफ्यात खत टाकलंस आणि रोपाने मूळच धरलं नसेल, तर ते खत खाणार कोण? तण." टाकीचं सगळं शास्त्र या वाक्यात आलं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. झाडं आणि शेवाळ, दोघांचंही हे खत. उजेड वाढवला की झाडाला त्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड आणि क्षारही जास्त लागतात. घरच्या साध्या टाकीत ते तेवढे नसतात, म्हणून झाड अडून बसतं. शेवाळाच्या गरजा थोड्या असतात, त्यामुळे उरलेला उजेड आणि खत त्याला मिळतं. म्हणजे माझ्या खोलीतल्या अंधाराचा काही दोष नव्हता. मी सावलीत उन्हातली झाडं लावली होती.

दुसऱ्या खेपेला मी सावलीची झाडं आणली. जावा फर्न आणि आफ्रिकेतलं अनुबियास ही दोन सर्वांत सोशिक. त्यांचं खोड आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं असतं. ते वाळूत पुरलं तर कुजतं, म्हणून दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं. तिसरं क्रिप्टोकोरीन. याच्या काही जाती आपल्या कोकणात ओहोळांच्या काठी आपसूक वाढतात. पानं पाहून अण्णा म्हणाले, "असलं काहीतरी आमच्या पऱ्याकाठी असायचं." आठवड्याभरात त्याची सगळी पानं विरघळली. मी उपटायला निघालो, तर अण्णांनी थांबवलं. "मूळ पांढरं आहे ना? मग राहू दे." जागा बदलली की हे झाड असंच पानं टाकतं. महिन्याभराने नवा कोंब आला. शिवाय वर हॉर्नवर्टची एक जुडी तरंगत सोडली. ती पाण्यातलं खत भराभर शोषते.

बाकी शिस्त सोपी आहे. दिवा रोज सहा ते आठ तास, त्याहून अधिक नको. आता एलईडी आणि टायमर मिळतात, त्यामुळे विसरायचं भय नाही. टाकीवर थेट ऊन येऊ देऊ नये. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, त्यासाठी दुकानात हायपो मिळतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यावा. आणि सगळे मासे एकदम आणू नयेत. या जिवाणूंची वस्ती व्हायला महिना-दीड महिना लागतो.

एवढं करूनही शेवाळ येतं. नव्या टाकीतला तपकिरी थर बहुधा काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. काचेवरचे ठिपके जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून निघतात. पाणीच हिरवं झालं, तर टाकी तीन-चार दिवस चादरीने पूर्ण झाकावी, पंप मात्र चालू ठेवावा आणि नंतर पाणी बदलावं. शेवाळ खातो म्हणून सकर मासा विकतात, तो घेण्याआधी विचार करा. तो फूटभराहून मोठा होतो. मग लोक त्याला तळ्यात नेऊन सोडतात. आपल्या देशातल्या कितीतरी जलाशयांत हा परका मासा असाच माजला आहे. टाकीतलं काहीही, मासा असो वा झाड, नदी-तळ्यात सोडू नये.

अण्णा सहा महिन्यांनी काठी घेऊन चालू लागले, पण सकाळचा चहा पलंगावर बसून, टाकीकडे बघतच घ्यायचे. आज ते नाहीत. टाकी त्याच भिंतीला आहे आणि अनुबियासही तेच, आता दगड पार झाकून टाकलेलं. दगडावर थोडं शेवाळ असतं, ते मी राहू देतो. हवेचा पंप मात्र तेव्हापासून एकाही रात्री बंद केलेला नाही. त्याच्या आवाजाची अण्णांना सवय झाली होती. आता मलाही त्याशिवाय झोप येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)